मुलीसोबत फुटबॉल सुरू करताय? आधी चेंडू नीट घ्या

मुलगी सात वर्षांची आहे, तर 3 नंबरचा चेंडू घ्या. ‘मोठी झाल्यावरही चालेल’ म्हणून 5 नंबर घेऊ नका. तो 410 ते 450 ग्रॅमचा असतो, लहान पायाला जड जातो आणि मूल बोटांच्या टोकाने मारायला लागतं. ती सवय मग सुटत नाही. आठ ते बारा वयाला 4 नंबर, त्यापुढे 5.

हवा भरताना सुई आधी ओली करा. कोरडी खुपसली की व्हॉल्व्ह फाटतो आणि चेंडू रोज थोडा थोडा बसतो. हवा किती, ते चेंडूवर छापलेलं असतं. तापलेल्या गाडीत चेंडू ठेवू नका, शिवण उसवते.

बूट कुठे खेळणार त्यावर ठरतात. नेरूळ-वाशीकडच्या भाड्याच्या टर्फवर (कृत्रिम गवताच्या मैदानावर) बारीक रबरी खुंट्यांचे टर्फ शूज हवेत. लांब स्टड तिथे अडकतात आणि गुडघा मुरगळतो. शिन गार्ड, म्हणजे नडगी वाचवणाऱ्या पट्ट्या, मोज्याच्या आत घालायचे. (हे सांगावं लागतं, खरंच.)

घरच्यांसोबत सामने बघायचे तर शनिवारचे इंग्लिश लीगचे घ्या. तिथे दुपारी तीनला सुरू होणारा सामना आपल्याकडे हिवाळ्यात 8:30 ला, उन्हाळ्यात 7:30 ला लागतो. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचे बरेच सामने मध्यरात्रीनंतर, शाळेच्या दिवशी नकोच. आणि नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरून जाताना तिला दाखवा: 2022 चा सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक स्पेनने इथेच जिंकला.