त्यांना लॅटिन मिस्सा हवी, मला मराठी. धर्मग्राम बदलायचा का?

ताई, आम्ही वसईचे. लग्नाला अकरा वर्षं झाली. गेली दोन वर्षं माझे मिस्टर यूट्यूबवर लॅटिन मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) बघतात. आमच्या चर्चमधली मराठी मिस्सा, आरती, तबला-पेटी आता त्यांना सहन होत नाही. "हे कॅथलिक नाही, फादरांनी काढलेलं खूळ आहे," म्हणतात. दर रविवारी लोकलनं दीड तास करून आम्हाला मुंबईत जुन्या पद्धतीच्या मिस्सेला नेतात. मला तिथलं काही कळत नाही. सासूबाई म्हणतात, आपलं देऊळ सोडायचं नाही. मुलगी नऊ वर्षांची, एप्रिलमध्ये तिचा पहिला ख्रिस्तप्रसाद (होली कम्युनियन, मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर). वडील सांगतात जिभेवरच घे, वर्गातल्या टीचर हातावर घ्यायला शिकवतात. रोज रात्री पोर रडते. आता हे म्हणतात, धर्मग्रामच (पॅरिश) बदलू. काय करू?
— वसईची एक आई

ताई, आधी लेकीचं बघू. एप्रिल लांब नाही आणि तिचं रडणं थांबवणं तुमच्या हातात आहे.

दोन्ही पद्धती चालतात. हातावर ख्रिस्तप्रसाद देण्याची वाट रोमनं (व्हॅटिकननं) २९ मे १९६९ च्या आदेशानं मोकळी केली. जिथल्या बिशपांनी मागणी केली, तिथे परवानगी मिळत गेली. पण जिभेवर घेण्याचा हक्क कोणाचाच गेला नाही, आणि २००४ च्या रोमच्या सूचनेत तो पुन्हा स्पष्ट सांगितला आहे. गुडघे टेकून घेणाऱ्यालाही तेवढ्या कारणावरून नाकारता येत नाही. म्हणजे टीचरनी "हातावरच" म्हणणं चूक, आणि वडिलांनी हातावर घेणं पाप ठरवणंही चूक. दोन्ही शिकवा आणि निवड तिच्यावर सोडा.

हातावर घ्यायचं तर डावा तळवा वर, उजवा त्याखाली; डावखुरी असेल तर उलट. हात छातीच्या उंचीला, तळवा सपाट. "आमेन" स्पष्ट म्हणायचं, एक पाऊल बाजूला व्हायचं आणि तिथेच, जागेवर परतण्याआधी, तोंडात घ्यायचं. मग तळव्यावर कण राहिला आहे का ते बघायचं. जिभेवर घ्यायचं तर आधी "आमेन", मग मान किंचित मागे, तोंड नीट उघडं, जीभ खालच्या ओठापर्यंत पुढे आणि डोकं स्थिर. मुलं नेमकी चुकतात ती इथे: घाबरून तोंड अर्धवट उघडतात, किंवा देणाऱ्याचा हात जवळ येताच डोकं पुढे झुकवतात, आणि ख्रिस्तप्रसाद खाली पडायची वेळ येते. काही मुलं हात पुढे करतात आणि तोंडही उघडतात, मग देणाऱ्यालाच कळेनासं होतं. अजून पवित्र न झालेल्या भाकरीवर चार-पाच वेळा सराव वर्गातच करून घ्या, आणि त्या दिवशी रांगेत तिच्या कानात काही सांगू नका. त्याआधी तिचं पहिलं पापनिवेदन होईल. तिथे "मम्मी-पप्पा माझ्यामुळे भांडतात" हे पाप म्हणून सांगायची पाळी तिच्यावर येऊ नये.

आता धर्मग्राम बदलण्याबद्दल. चर्चच्या कायद्यात धर्मग्राम साधारणपणे राहत्या जागेवरून ठरतो, आवडीवरून नाही. घर आहे तिथे राहिलात तर मुंबईत पन्नास रविवार गेलात तरी तुमचा धर्मग्राम वसईतलाच. रविवारचं कर्तव्य मात्र कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये पूर्ण होतं, शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनंही (चर्चच्या कायद्याचं कलम, कॅनन १२४८). तेव्हा मिस्टर मुंबईला जातात यात दोष नाही. पण बाप्तिस्मा, लग्नाचे कागद, लग्नाआधीचा पुकारा, आजारपणातलं तैलाभ्यंगन, अंत्यविधी हे सगळं राहत्या धर्मग्रामाशी जोडलेलं असतं. दोन-चार वर्षं तोंड दाखवलं नाही तर उद्या दाखला मागायला गेल्यावर फादर तुम्हाला ओळखणार नाहीत, आणि अडचण येते ती नेमकी अशाच वेळी. सासूबाई कायद्याच्या भाषेत बोलत नसतील, पण त्यांचं म्हणणं खरं आहे.

मिस्टरांचा मुख्य आक्षेप आरतीवर आहे, आणि तिथे त्यांच्याकडे माहिती अपुरी आहे. भारतातल्या बिशपांनी मागितलेले बारा मुद्दे रोमनं २५ एप्रिल १९६९ रोजी मंजूर केले. पादत्राणं बाहेर काढणं, मांडी घालून बसणं, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, ताम्हन किंवा थाळी, धर्मगुरूंच्या अंगावर शाल, आणि अर्पणाच्या वेळी व महाप्रार्थनेच्या (भाकर आणि द्राक्षारस पवित्र करण्याच्या प्रार्थनेच्या) शेवटी फुलं, धूप, दिवा यांची आरती हे सगळं त्यात आहे. कुठे किती राबवायचं हे तिथल्या बिशपांवर सोडलं. त्यामुळे आरती ही तुमच्या फादरांची लहर नाही. आणि वसईकडच्या ख्रिस्ती माणसाला मराठीतली भक्ती परकी कशी वाटावी? इंग्लंडहून गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, सुमारे अकरा हजार मराठी ओव्या. मिस्सा लॅटिनमध्ये होती, पण येशूची कथा गायली जात होती ती मराठी ओवीत.

पण ताई, मिस्टरांचं सगळंच चुकतं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, १९६२–६५) लॅटिन बंद केली, हा समज खोटा आहे. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनेवरच्या संविधानात लॅटिन जपावी असं लिहिलंय, ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान दिलंय, आणि त्याच दस्तऐवजात मिशनच्या देशांतल्या संगीतालाही योग्य जागा द्यायला सांगितलंय. तुमचं आणि त्यांचं, दोघांचं म्हणणं एकाच कागदात आहे. शिवाय मराठी मिस्सेत खरंच काय बिघडतं तेही बघा. "उच्च स्वर्गी देवाला गौरव" या स्तोत्राच्या जागी भलतंच गाणं घालणं मान्य नाही. चाल बदला, शब्द नाही. "देवाच्या कोकरा" चंही तेच. महाप्रार्थनेच्या शेवटचं "त्याच्याद्वारे, त्याच्यासह" धर्मगुरूंनी म्हणायचं, लोकांचा भाग "आमेन". पुष्कळ ठिकाणी सगळी सभाच ते म्हणते, आणि आरतीच्या घंटानादात "आमेन" ऐकूही येत नाही. प्रवचन धर्मगुरू किंवा डीकननंच (धर्मगुरूंच्या खालचा दीक्षित सेवक) करायचं. सिनेमाच्या चालीवर भक्तिगीत, ख्रिस्तप्रसादानंतर मिनिटभरही शांतता नाही, सूचना दहा मिनिटं. या तक्रारी रास्त आहेत, आणि त्या मांडायला लॅटिनच हवी असं नाही.

मिस्टरांना नेमकं काय हवंय, हे त्यांच्याकडून काढून घ्या. लॅटिन मिस्सा दोन प्रकारची असते. एक म्हणजे १९६९ ची आजचीच मिस्सा लॅटिनमधून. ती भाषा कोणताही धर्मगुरू वापरू शकतो. दुसरी १९६२ च्या मिस्सलची (मिस्सेच्या प्रार्थनापुस्तकाची) जुनी पद्धत. तिच्यासाठी १६ जुलै २०२१ च्या पोप फ्रान्सिस यांच्या आदेशानुसार बिशपांची परवानगी लागते, वाचनं लोकांच्या भाषेत करायची असतात, आणि धर्मग्रामाच्या चर्चमध्ये ती करायची तर रोमची विशेष सूट लागते. मुंबईतली ती मिस्सा कोणाच्या परवानगीनं होते, हे फोन करून विचारा. जुन्या मिस्सेचा आग्रह धरणाऱ्या सोसायटी ऑफ सेंट पायस द टेन्थ या संस्थेची असेल, तर त्या संस्थेनं १९८८ मध्ये पोपच्या आज्ञेविना बिशप अभिषिक्त केले होते आणि तिला ख्रिस्तसभेत कायदेशीर स्थान मिळालेलं नाही. तिथे लेकीचा कोणताही संस्कार करायचा नाही, हे आधीच ठरवून टाका.

बिशपांच्या परवानगीची मिस्सा असेल तर तुम्हीही कधी तरी मन लावून जा. "काही कळत नाही" याचं कारण बहुतेक वेळा हे असतं की माणूस पुस्तकातली ओळ न् ओळ गाठायला बघतो. तसं करू नका. महाप्रार्थना तिथे मुद्दाम हलक्या आवाजात म्हणतात. तीन खुणा धरा: शुभवर्तमानाला उभं राहणं, पवित्रीकरणाची घंटा आणि वर उचललेली भाकर, मग ख्रिस्तप्रसाद. मधल्या शांततेत स्वतःची प्रार्थना करा. जाळीचा रुमाल डोक्यावर हवाच असा आज कुठला नियम नाही. हवा तर घ्या, नाहीतर सासूबाई घेतात तसा पदरही चालेल.

मी सुचवते ते असं. एप्रिलपर्यंत तिघांनी प्रत्येक रविवारी स्वतःच्या धर्मग्रामात जायचं, कारण लेकीचे वर्ग तिथे आहेत आणि ज्यांच्याबरोबर ती वेदीपाशी जाणार ती मुलं तिथे आहेत. मिस्टरांनी महिन्यातून एकदा मुंबईला जावं, एकट्यानं, तुमच्या टोमण्याविना. एप्रिलनंतर दोन-तीन महिन्यांतून एकदा सगळे मिळून जा.

आणि दोघांनी प्रमुख धर्मगुरूंकडे अर्धा तास मागा. रविवारी मिस्सेनंतर दारात गाठू नका, तेव्हा त्यांच्याभोवती वीस माणसं असतात. आठवड्यातली एखादी संध्याकाळ मागा. तक्रारींची यादी नको, तीनच मागण्या न्या: ख्रिस्तप्रसादानंतर दोन मिनिटं शांतता, गौरवस्तोत्राचे मूळ शब्द, आणि प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) एका मिस्सेत लॅटिनमधलं साधं "सांक्तुस" (पवित्र, पवित्र) आणि "आग्नुस देई" (देवाच्या कोकरा). पोप पॉल सहावे यांनी १९७४ मध्ये सगळ्या बिशपांना सोप्या लॅटिन गायनाची एक छोटी पुस्तिका पाठवली होती, ती धर्मग्रामांत गायली जावी म्हणूनच. गायक मंडळाला त्यातले हे दोन भाग बसवायला चार तालमी पुरतात. मिस्टरांचा आवाज बरा असेल तर त्यांनी मंडळात नाव घालावं, कारण बाहेर उभं राहून चाली सुधारत नाहीत. फादर एखादी मागणी नाकारतील. तर ती सोडा आणि उरलेल्या दोन धरा.

टीचरना तुम्ही स्वतः भेटा, मिस्टरांना पाठवू नका. एवढंच सांगा: "आमची मुलगी दोन्ही शिकतेय, त्या दिवशी ती ठरवेल, तुम्ही तिला रांगेत टोकू नका." मग आज रात्री, झोपायच्या आधी, हेच वाक्य मिस्टरांनी लेकीला स्वतःच्या तोंडून सांगावं. तुम्ही बाजूला बसा.