४ जून २०२४ चा निकाल ऐकून नागपुरातल्या साध्या माणसांना काय वाटलं होतं?

तुम्ही लिहिलंय की त्या दिवशी तुम्ही देशाबाहेर होतात, टीव्हीवर नुसते अँकरांचे उतरलेले चेहरे दिसत होते, आणि नागपूरसारख्या शहरात घराघरांत काय झालं ते कोणीतरी सांगावं. सांगतो. पण सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत देशात काय चाललंय हे अख्ख्या नागपुरात ज्यांना सगळ्यांत कमी ठाऊक होतं, त्यांच्यात माझा नंबर लागेल. मी कळमना मार्केटात मतं मोजत होतो.

शाळेत गणित शिकवतो. निवडणुकीची ड्युटी शिक्षकाच्या पाचवीलाच पुजलेली असते, या वेळी मोजणीची आली. कोणाला मत दिलं ते विचारू नका, आणि माझ्या टेबलावरचे आकडेही मी सांगणार नाही. गुप्ततेची शपथ घेतलेली आहे आणि मला ती अजून लागू आहे असंच वाटतं.

आधी त्या आठवड्याची हवा सांगायला हवी. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता. ३० मे रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमान नोंदलं गेलं. शहरभर बोंब. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. शनिवारी, १ जूनला, एक्झिट पोल आले. बहुतेकांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या पुढे ठेवलं होतं, काहींनी थेट चारशेला टेकवलं. सेन्सर बिघडू शकतो हे दोन दिवसांपूर्वीच शिकलेलं हे शहर, तरी तो आकडा मात्र सगळ्यांनी मुकाट मानला. मीही मानला. मोजणीच्या दिवशी पहाटे पावणेपाचला जगनाडे चौकात तर्री-पोहे खाताना पोहेवाला म्हणाला, "सर, आता काय मोजता? शनिवारीच मोजून टाकलं ना टीव्हीवाल्यांनी."

मोजणीच्या हॉलमध्ये मोबाइल चालत नाही. कोणत्या टेबलावर बसायचं हेही त्याच सकाळी कळतं. आठला टपाली मतं सुरू होतात आणि त्यानंतर अर्ध्या तासाने यंत्रं. एका विधानसभा क्षेत्राला साधारण चौदा टेबलं. यंत्र आलं की त्याचा नंबर जाळीपलीकडच्या एजंटांना दाखवायचा, सील दाखवायचं, चालू करायचं, एकूण मतं १७-सी नमुन्यावरच्या, म्हणजे मतदानाच्या दिवशी केंद्रावर नोंदलेल्या, आकड्याशी जुळतात का पाहायचं आणि मग निकालाचं बटण दाबायचं. नागपुरात २६ उमेदवार होते. म्हणजे दरवेळी २६ आणि वर 'नोटा' असे आकडे एकामागून एक येतात आणि तुम्ही लिहीत जाता. चौथ्या-पाचव्या यंत्रानंतर नावं दिसेनाशी होतात, नुसती बेरीज उरते. बाहेर देश हादरत होता तेव्हा आत मला एवढीच धास्ती होती की मी लिहिलेला सातचा आकडा एकासारखा तर वाटत नाही ना.

बातमी आत आली ती नाश्त्याच्या पाकिटांबरोबर. वाटणारा पोरगा जाळीपलीकडच्या एका एजंटाच्या कानाशी लागला. मग ती कुजबुज टेबलाटेबलाने सरकत आली. "यूपीत उलटं होऊन राहिलं म्हणते." थोड्या वेळाने, "वाराणसीत मोदी मागे हायेत म्हणते." हे ऐकून दोन्ही पक्षांचे एजंट एकदमच हसले. कोणाचाच विश्वास नव्हता. (सुरुवातीच्या फेऱ्यांत ते खरंच मागे होते, शेवटी दीड लाखाच्या वर मतांनी जिंकले.) दुपारनंतर मात्र हसणं थांबलं. नागपुरात गडकरी पुढे होते आणि पुढेच राहिले, तरी त्यांच्या एजंटांच्या चेहऱ्यावर जिंकत असल्याचं काही दिसेना. मला वाटलं उकाड्याने असेल.

संध्याकाळी बाहेर पडलो तर त्याच कळमन्यात दोन तऱ्हेचा गुलाल. नागपूर आणि रामटेक या दोन्ही मतदारसंघांची मोजणी तिथेच होती. गडकरी १ लाख ३७ हजारांनी आले. रामटेकला काँग्रेसचे श्यामकुमार बर्वे ७६ हजारांनी. त्यांच्या पत्नी रश्मी बर्वे यांचा अर्ज जात प्रमाणपत्रावरून बाद झाला आणि ऐनवेळी हे उभे राहिले होते. ढोल रामटेकवाल्यांचा जास्त जोरात होता. मी ॲक्टिव्हा काढता काढता मोबाइल सुरू केला आणि पहिल्यांदा आकडा पाहिला. भाजप २४०, काँग्रेस ९९. भाजपच्या आघाडीला धरून २९३, म्हणजे सरकार तेच येणार. तरी २४० वाले गप्प आणि ९९ वाले नाचत होते. गणिताच्या मास्तरला हे पचायला जरा वेळ लागला.

आता आमच्या नंदनवनातल्या सोसायटीचं. वरच्या मजल्यावरचे काका सोमवारी एक्झिट पोलच्या जोरावर शेअर घेऊन बसले होते. त्या दिवशी सेन्सेक्स अडीच हजारांनी चढला होता. मंगळवारी ४,३८९ अंकांनी आपटला आणि काकांनी घाबरून सगळं विकलं. शुक्रवारपर्यंत बाजार पुन्हा जिथल्या तिथे, उलट थोडा वरच. काकांना निकालाचं दुःख किती आणि शेअरचं किती, हे त्यांनाही वेगळं काढता आलं नाही. त्या रात्री त्यांनी जिन्यातच मला गाठलं, "सर, तुम्ही नीट मोजलं ना?" मी म्हटलं, काका, मी नागपूरचं मोजलं, नागपूरला तुमचेच आले. "ते झालं हो," म्हणाले, "बाकीच्यांनी नीट मोजलं का?"

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन महिने रोज सकाळी 'चारशे पार'ची चित्रं यायची. ५ जूनला सकाळी फक्त 'शुभ सकाळ' आणि गुलाबाचं फूल आलं.

मला लक्षात राहिली ती मात्र दुसरीच गोष्ट. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या ताई उत्तर नागपुरातल्या बौद्ध वस्तीतून येतात. दोन महिने त्यांच्यासमोर आम्ही राजकारणावर भांडत होतो. मी, माझा भाऊ, शेजारी. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. ५ तारखेला हात पुसत पुसत विचारलं, "सर, तीनशे बासष्ट नाई ना झाले कोणाचे?" मी पाहतच राहिलो. ५४३ चे दोन तृतीयांश ३६२. घटनादुरुस्तीला लोकसभेत हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश लागतात, म्हणजे सगळे हजर असतील तर एवढे. हा आकडा ना काकांना ठाऊक होता ना आमच्या ग्रुपात कोणाला. आम्ही चारशे-चारशे ओरडत होतो, त्यांच्या वस्तीत ३६२ चा हिशोब चालला होता. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे तिथे 'संविधान बदलणार' ही चर्चा लोकांच्या घरात कुठवर पोहोचली असेल हे आम्हाला कळायला हवं होतं. ती भीती खरी होती की प्रचाराने फुगवली होती यावर हवं तर वाद घाला. माझा मुद्दा इतकाच की ती आमच्याच ओट्यापाशी उभी होती आणि आम्हाला दिसली नाही.

तसंच काटोलच्या मावसभावाचं. काटोल रामटेक मतदारसंघात येतं. त्याची संत्र्याची बाग आणि थोडं सोयाबीन. बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं तसा माल इथेच पडून राहू लागला. सोयाबीनचा हमीभाव ४,६०० आणि बाजारात त्याच्याही खाली. फोनवर तो नेहमी रस्त्यांचं कौतुक करायचा, समृद्धीचं करायचा, मी समजायचो की याचं मत ठरलेलं आहे. निकालानंतर विचारलं तर म्हणाला, "रस्ता चांगलाच हाय ना भाऊ. त्याच्यावरून भाव काहून नाई येत?" विदर्भातल्या दहापैकी सात जागा महाविकास आघाडीने का घेतल्या याची पुष्कळ विश्लेषणं नंतर वाचली. चंद्रपुरात मुनगंटीवारांसारखा मंत्री अडीच लाखांवर मतांनी पडला. मावसभावाच्या वाक्यापुढे मला त्या लेखांत फार काही जास्त सापडलं नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की लोकांना धक्का निकालाचा कमी आणि शेजाऱ्याचा जास्त बसला. स्वतः काय बटण दाबलं हे प्रत्येकाला ठाऊकच होतं. बाजूचाही तेच दाबतो, हा जो भरवसा होता तो फुटला. मतदान गुप्त असतं हे आम्ही नागरिकशास्त्रात शिकवतो, दोन गुणांना विचारतो आणि घरी येऊन विसरतो. आणि एक चिमटा काढल्याशिवाय राहवत नाही. १९ एप्रिलला नागपुरात मतदान झालं जेमतेम ५४ टक्के. काहींची नावं यादीत नव्हती हे खरं, बाकीच्यांना ऊन होतं. निकालावरची प्रतिक्रिया मात्र शंभर टक्के लोकांनी दिली.

आईला यातल्या कशाचंच नवल नव्हतं. ती पंचाहत्तरीच्या पुढची. १९७७ साली नागपूरच्या महाल भागात राहायची, तेव्हाचा रेडिओ तिला आठवतो. इंदिराबाई पडल्या हे शेजारच्या ओसरीवर ऐकलं तेव्हा आधी कोणी मानायलाच तयार नव्हतं. उत्तरेत जनता पक्षाची लाट आणि विदर्भात बहुतेक ठिकाणी गाय-वासरूच, म्हणजे काँग्रेसचं तेव्हाचं चिन्ह. नागपूरहून काँग्रेसचे गेव्ह आवारी निवडून आले. मग मला २००४ आठवलं. 'इंडिया शायनिंग'च्या जाहिराती, वाजपेयी परत येणार हे सगळ्यांनी धरून चाललेलं आणि १३ मेला दिल्लीत सरकार गेलं. तेव्हा विदर्भात ११ जागा होत्या. दहा भाजप-शिवसेना युतीने घेतल्या आणि काँग्रेसला मिळाली एकच, ती नेमकी नागपूरची. मुत्तेमवारांची. म्हणजे देश एकीकडे, विदर्भ दुसरीकडे आणि नागपूर तिसरीकडे असं इथे आधीही झालेलं आहे. आई म्हणाली, "आपण एकाले देतो, येते दुसऱ्याचं. तू उगाच काहून चेहरा पाडून बसला?" मी चेहरा पाडलेला नव्हता, बारा तास आकडे लिहून मान आखडली होती. पण तिला ते पटलं नाही.

निकालानंतर सहा दिवसांनी, १० जूनला, आमच्या घराजवळच रेशीमबागेत सरसंघचालकांचं भाषण झालं. खऱ्या सेवकाला अहंकार नसतो, मणिपूर वर्षभर शांततेची वाट पाहतंय, असं ते बोलले. दुसऱ्या दिवशी जगनाडे चौकात पोह्यांच्या हातगाडीवर दहा जण दहा अर्थ लावत होते. पोहेवाला मात्र तर्री वाढता वाढता मला म्हणाला, "सर, मले तर आधीच माहीत होतं." मी त्याला शनिवारच्या मोजणीची आठवण करून दिली नाही. तर्री कमी वाढेल.

पाच महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला, विधानसभेचा निकाल लागला. महायुती २३०, पुन्हा कोणाच्याच अंदाजात न बसणारा आकडा. लोकसभेला गडकरींसमोर हरलेले काँग्रेसचे विकास ठाकरे पश्चिम नागपुरातून आमदार म्हणून परत आले. या वेळी काका पेढे घेऊन खाली आले आणि गप्प राहण्याची पाळी जूनमध्ये नाचलेल्यांवर आली. त्यांच्यातला एक जण जिन्यात भेटला आणि हळूच म्हणाला, "सर, या वेळी तुमची ड्युटी होती का हो मोजणीला?"

नव्हती. मी घरी बसून टीव्ही पाहत होतो.