कृषी सल्ला : पालवी फुटली म्हणजे काडी लागली असे नव्हे

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापूर जिल्ह्यात परड्यातल्या फुलझाडांच्या आणि फळझाडांच्या कलमांविषयी विचारणा वाढते. त्यांतल्या काही प्रश्नांची उत्तरे देत आहोत.

प्रश्न (करवीर तालुका) : दर पावसाळ्यात जास्वंदाच्या काड्या कुंडीत खोचतो. पंधरा दिवसांत हिरवीगार पालवी येते आणि महिन्याभरात सगळ्या काड्या काळ्या पडतात. खत कमी पडते का?

खत कमी पडत नाही, उलट घातले असेल तर तेच नडते. आपल्याकडे हाताला सवय उसाच्या लागणीची. उसाच्या कांडीवर डोळ्याजवळ बारीक ठिपक्यांचा पट्टा असतो. ती तयार मुळांची बीजे. ओल मिळाली की काही दिवसांत तिथून मुळ्या सुटतात. जास्वंदाच्या काडीला असा पट्टा नसतो. कापलेल्या तोंडाशी आधी खरबरीत पांढरट गाठ धरते, सालीखालच्या पेशींतून मूळ नव्याने घडते, आणि त्याला चार ते सहा आठवडे जातात. डोळा मात्र तयारच असतो. तो काडीतल्या साठ्यावर फुटतो. म्हणजे पान आधी, मूळ मागून. पान पाणी उडवते, खालून भरपाई होत नाही, तशात कुंडीत पाणी साचलेले; मग बुडखा कुजतो.

म्हणून हवेत ओल हवी, मातीत वाफसा (ओल असूनही हवा खेळती) हवा. चिखल नको.

काडी पेन्सिलीच्या जाडीची, 15 ते 20 सेंटिमीटर लांब, तीन-चार डोळ्यांची घ्या. शेंड्याची कोवळी हिरवी काडी कुजते, बुडाची करडी जुनी काडी मूळ धरायला फार वेळ लावते, मधली घ्या. खालचा छेद डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा छेद डोळ्याच्या सेंटीमीटरभर वर आणि सरळ. तिरके-सरळ ठेवण्याचे कारण साधे आहे : दहा काड्या हातात असल्या की वर-खाली विसरते. उसाची कांडी आडवी पुरतो म्हणून तिथे चालून जाते, उलटी खोचलेली जास्वंदाची काडी लागत नाही. खालची पाने काढा, वरची दोन ठेवून तीही कात्रीने अर्धी करा. कळी असेल तर खुडा. सिकेटरचे (छाटणीच्या कात्रीचे) पाते स्पिरिटने पुसून घ्या.

माध्यम म्हणून धुतलेली वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मे-निम्मे. कोकोपीट दोनदा पाण्यात भिजवून पिळा, त्यात क्षार असतात. मूठभर मिश्रण दाबले तर बोटांतून पाणी ठिबकू नये, पण मूठ उघडल्यावर गोळा टिकावा. शिरोळकडची काळी माती किंवा नुसता पोयटा (गाळाची माती) नको, दोन्ही पावसात दडपून बसतात आणि बुडख्याला हवा मिळत नाही. वाळू मिळत नाही म्हणून काही जण फाउंड्रीची टाकाऊ वाळू आणतात. ती कृपया वापरू नका. तिच्यात बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी असते, काही वेळा राळही. शेणखतही या टप्प्यावर नको. कच्चे असेल तर तापते, वर हुमणी (मुळे खाणारी अळी) येते ती वेगळीच.

आधी काठीने भोक पाडा, मग काडीचे दोन डोळे आत जातील इतकी बसवा आणि बाजूने दाबा. थेट खोचली तर बुडख्याला मुळे फुटावीत म्हणून लावलेली पावडर (आयबीए) सालीवरून पुसली जाते. पावडर चिमूटभर कागदावर काढून त्यात बुडखा टेकवा आणि झटका. काडी पाकिटात बुडवली तर ओलीने उरलेली पावडर खराब होते. जास्त पावडरीने साल भाजते. कोरफडीचा गर, मध यांबद्दलही विचारले जाते. लावायचे तर लावा, पण त्यांना पावडरीची बदली समजू नका.

आता वेळ. मृगाचे पहिले पाऊस आणि आर्द्रा हा काळ चांगला. पुनर्वसू-पुष्यात आपल्याकडे दिवसेंदिवस ऊन दिसत नाही. तेव्हा कुंडी पत्र्याखाली किंवा ओट्यावर, उजेडात पण थेट पावसाबाहेर ठेवा. त्या दिवसांत वर प्लास्टिकची पिशवी झाकू नका, बुरशी येते. गगनबावडा, राधानगरीकडे तर कुंडी उघड्यावर ठेवूच नये. तेव्हा जमले नसेल तर मघा सरताना पुन्हा लावता येते. मार्च-एप्रिलमध्ये मात्र हवा कोरडी. तेव्हा दोन लिटरची बाटली अर्धी कापून झाकण घाला आणि कुंडी सावलीत ठेवा.

मूळ आले का बघायला काडी उपटू नका. हलके ओढून पाहा. अडकल्यासारखी वाटली आणि तळाच्या भोकातून पांढरी मुळी दिसली की पोयटा, वाळू आणि कुजलेले शेणखत सारख्या भागात घेऊन पिशवीत लावा. पंधरा दिवस सावलीत, मग हळूहळू उन्हात.

प्रश्न (हातकणंगले) : बाजारातून आणलेला लाल गुलाब पहिल्या वर्षी छान फुलला, आता लांब काटेरी फांद्या येतात पण ती फुले नाहीत. त्याच्या काड्या लावू का?

तुमच्या झाडाचा खुंट (ज्यावर कलम केले ते खालचे झाड) जिंकला आहे. असे गुलाब रानटी खुंटावर डोळा भरून केलेले असतात. बुडाशी सांध्याची गाठ शोधा. तिच्या खालून आलेली प्रत्येक फांदी सिकेटरने न कापता, माती उकरून उगमापाशी ओढून काढा. कापली तर तिथेच दोन फुटतात. एका पानातल्या पर्णिका (छोटी पाने) मोजून खुंट ओळखा असे सांगतात. त्यावर भरवसा ठेवू नका, फांदी कुठून निघाली तेच पाहा.

काडीने देशी गुलाब लागतो, मोठ्या फुलांचे हायब्रीड क्वचित, आणि लागले तरी त्यांची मुळे कमकुवत राहतात. त्यांना डोळाच भरावा. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. खुंट पेन्सिलीएवढा झाला की सालीवर टी आकाराचा अडीच सेंटिमीटर उभा छेद द्या, नुकतेच फूल कोमेजलेल्या फांदीवरचा डोळा ढालीसारखा काढून आत सरकवा आणि डोळा उघडा ठेवून प्लास्टिकची पट्टी बांधा. काटा बोटाने सहज मोडला की फांदी तयार समजा. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा असेल तर लागला, काळा असेल तर पुन्हा भरा.

प्रश्न (पन्हाळा) : पेरूची गुटी (झाडावरच्या फांदीला मुळ्या फोडायचे कलम) दोन वर्षे बांधतो. मॉस (भोवती बांधलेले शेवाळ) सोडून पाहिले की गाठ असते, मुळ्या नाहीत.

दोन गोष्टी तपासा. साल काढल्यावर आतला बुळबुळीत थर सुरीच्या पाठीने खरवडला होता का? तो राहिला तर साल पुन्हा जुळते, अन्नरस खाली वाहत राहतो आणि मूळ धरायची गरजच उरत नाही. एक बारीक हिरवी रेघ राहिली तरी पुरते. दुसरे, वरची गाठ सैल असेल तर पावसाचे पाणी फांदीवरून आत उतरते आणि मॉस काळे पडते.

एक वर्षाची, पेन्सिलीएवढी फांदी घ्या. तीन सेंटिमीटर रुंद सालीचे वळे काढा, कापाच्या वरच्या कडेला पावडर लावा, कारण मुळ्या तिथूनच येतात. मॉस भिजवून घट्ट पिळा, मुठीएवढे गुंडाळा, पारदर्शक प्लास्टिक दोन्ही टोकांना आवळून बांधा. जून-जुलैत बांधले तर दोन महिन्यांच्या सुमारास प्लास्टिकमधून तपकिरी होऊ लागलेल्या मुळ्या दिसतात. एकदम तोडू नका : आधी गुटीखाली अर्धा काप, आठवड्याने पूर्ण. लावताना प्लास्टिक काढा, मॉस तसेच ठेवा, निम्मी पाने कमी करा.

कागदी लिंबाला एवढा खटाटोप लागत नाही. त्याच्या बहुतेक बिया आईसारखीच झाडे देतात. राहुरी कृषी विद्यापीठाच्या साई शरबती, फुले शरबती या जाती त्यासाठी चांगल्या. बी ताज्या फळातले, त्याच दिवशी पेरा, वाळले की उगवण घसरते. पेरूचे मात्र बियांपासून केलेले झाड तसेच फळ देईल याची खात्री नाही.

प्रश्न (कागल) : पांढरा चाफा, सोनचाफा आणि कढीपत्ता काडीने लावले, एकही जगले नाही.

पांढऱ्या चाफ्याची फूटभर काडी कापल्यावर आठ-दहा दिवस सावलीत आडवी ठेवा, चीक वाळू द्या, मग लावा. ओल्या तोंडाने लावली की कुजलीच. लावल्यावरही पाणी अगदी बेताने.

सोनचाफा काडीने सहसा लागत नाही. कलम विकत घ्या. बियांचे झाड फुलायला कित्येक वर्षे घेते.

कढीपत्त्याच्या बुडाभोवती मुळांवरून धुमारे येतात. पावसाळ्यात मुळीच्या तुकड्यासह काढून लावा. बी लावायचे तर पिकल्या काळ्या फळाचा गर धुऊन लगेच पेरा.

प्रश्न (गडहिंग्लज) : बचत गटाने ही कलमे आठवडी बाजारात विकली तर चालेल का?

फळझाडांची रोपे-कलमे विकायला 1969 च्या राज्य कायद्यानुसार रोपवाटिका परवाना लागतो, तेव्हा पेरू-लिंबाची विक्री सुरू करण्याआधी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात अर्जाची चौकशी करा. मातृवृक्ष कोणता, कलम कधी बांधले याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा.