बोटाखाली ४४ झाडं

प्रश्न : दादा, आमच्या केळीच्या बागेचा ड्रोननं काढलेला फोटो टॅबवर टाकायचा आणि करपा आलेला भाग बोटानं घेरून निवडायचा असं एक छोटं ॲप मी बनवतोय. पण आमचे आबा बोट फिरवायला गेले की भाग सिलेक्ट व्हायच्या ऐवजी फोटोच सरकून राह्यला, आणि झालाच सिलेक्ट तर शेजारच्या चांगल्या ओळीपण आत येतात. लाँग प्रेस, म्हणजे बोट दाबून धरणं, ठेवून पाहिलं, तेही जमत नाही त्यांना. काय करू?
– एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, यात आबांची काहीच चूक नाहीये हे आधी सांगतो, कारण म्हातारी माणसं दोनदा चुकलं की "आम्हाला नाही जमत बाबा" म्हणून टॅब खाली ठेवतात आणि मग परत हात लावत नाहीत, मला त्याचं फार वाईट वाटतं.

जरा हिशोब करून बघ. टॅबचा स्क्रीन धर २० सेंटीमीटर रुंद आणि त्यात २०० मीटरचं शेत बसवलंय, म्हणजे स्क्रीनवरचा १ सेंटीमीटर म्हणजे शेतातले १० मीटर. बोटाचं टोकही साधारण तेवढंच. केळी दीड बाय दीड मीटरवर लावलेली असेल तर १० बाय १० मीटरात ४४ झाडं होतात, ती सगळी आबांच्या एका बोटाखाली झाकली जातात आणि आपण त्यांना म्हणतो नेमकी ओळ निवडा! दिसतच नाही तर निवडणार कसं?

फोटो सरकतो कारण एकाच बोटाला तू दोन कामं दिलीत. 'भाग निवडा' असं मोठं बटण ठेव, ते चालू असलं की एक बोट फक्त निवडेल, सरकवणं आणि झूम दोन बोटांनी. लाँग प्रेस काढूनच टाक, त्यात बोट जरासं हललं तरी सिस्टीम त्याला दाबणं समजत नाही, सरकवणं समजते, आणि कष्टाचा हात थोडा हलणारच.

आता बोटानं घेरण्यापेक्षा मला वेगळंच सुचवावंसं वाटतं. लागवडीआधी आखणी करताना आपण काय करतो, खुंट्या ठोकतो आणि दोरी ताणतो. तसंच कर. आबांनी कोपऱ्यावर एकदा टेकवलं की खुंटी, दुसऱ्या कोपऱ्यावर दुसरी, मधली दोरी ॲपनं ओढायची, पहिल्या खुंटीवर परत टेकवलं की भाग बंद. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या, वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता याव्यात म्हणून केलेल्या नियमावलीतही हेच आहे की जे काम बोट ओढून होतं ते नुसतं टेकवूनही करता आलं पाहिजे.

खुंटी चुकीच्या जागी पडली तर ती धरून हलवता यायला हवी. दिसायला ती ज्वारीच्या दाण्याएवढी चालेल पण तिच्याभोवती बोट ओळखणारी जागा निदान ४८ डीपी (स्क्रीनवरचं माप मोजायचं एकक) ठेव, गूगल अँड्रॉइडसाठी तेवढंच सांगतं, साधारण ९ मिलीमीटर. हलवताना बोटाच्या वर एक गोल भिंग दाखव, त्यात बोटाखालची झाडं मोठी दिसू देत, आणि खुंटी पक्की कर बोट उचलल्यावर, टेकवल्या टेकवल्या नको. हे काही माझ्या मनाचं नाही, १९८८ साली मेरीलँड विद्यापीठात पॉटर, वेल्डन आणि श्नायडरमन यांनी कर्सर बोटाच्या थोडा वर दाखवून आणि बोट उचलल्यावर निवड धरून पाहिलं, तेव्हा चुका कमी झाल्या होत्या. आणि 'मागे घ्या' बटण कायम समोर असू दे, मेनूत लपवू नको.

प्रश्न : फवारणीनंतर हात धुऊन लगेच टॅब घेतला की स्क्रीन भलतीकडेच टच घेतो. टॅब खराब आहे का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : नाही. हा स्क्रीन बोटानं होणारा विजेचा बारीकसा फरक ओळखतो आणि पाण्याचा थेंबही तसाच फरक करतो, म्हणून त्याला बोट कुठलं आणि थेंब कुठला कळत नाही. हात आणि काच दोन्ही सुती रुमालानं कोरडं करा. हातमोजे घालूनही बहुतेक टॅब बोट ओळखत नाहीत, तेव्हा फवारणी चालू असताना नोंद करायला जाऊच नका, मोजे काढून, हात साबणानं धुऊन, पुसून मग बांधावर बसून करा.