सिझर किती, यापेक्षा कुणाचे?

प्रश्न : मी केज तालुक्यात आशा आहे. बायका म्हणतात, "ताई, सिझर कमी करणारा दवाखाना सांगा." खासगीत गेलं तरी सिझर, अंबाजोगाईला सरकारीत गेलं तरी सिझर. मी त्यांना काय सांगू?

उत्तर : ताई, दवाखान्याच्या एका आकड्यावर जाऊ नका. अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात आजूबाजूच्या तालुक्यांतून अडलेल्या बायका पाठवतात. कुणाला झटके आलेले, कुणाचं मूल आडवं, कुणाचं आधीचं सिझर. तिथला आकडा मोठा असणारच. पण सगळ्या बिनअडचणीच्या बायका घेणाऱ्या दवाखान्यात तेवढाच आकडा दिसला, तर मला काळजी वाटते.

यासाठी डॉ. मायकेल रॉबसन यांनी २००१ मध्ये बायकांचे दहा गट मांडले. २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनाही त्याच गटांनी हिशोब ठेवा म्हणते. पहिलटकरीण आहे का, आधी सिझर झालंय का, मूल एक की जुळं, डोक्याकडून की पायाळू, दिवस भरलेत का, कळा आपोआप आल्या की आणवल्या, एवढं कळलं की गट ठरतो.

दिवस भरलेली पहिलटकरीण, एकच मूल, डोकं खाली, कळा आपोआप आलेल्या, हा पहिला गट. यात सिझर शंभरात दहाच्या आत ठेवता येतात. आधी नॉर्मल झालेल्या अशाच बाईच्या गटात तीनच्या वर जायला नकोत. आधी सिझर झालेल्यांत मात्र पन्नास-साठ झाले तरी वावगं नाही आणि मूल आडवंच राहिलं तर सिझरच करावं लागतं. तिथं "नॉर्मलच करा" म्हणून घरच्यांनी अडून बसू नये.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात खासगी दवाखान्यांत शंभरात ४७.४ आणि सरकारीत १४.३ बाळंतपणं सिझरनं झाली. अवघड बायका तर आमच्याकडे शेवटी सरकारीतच येतात. त्यामुळे एवढी तफावत निव्वळ गरजेपोटी पडते, हे मला पटत नाही.

मला सगळ्यात जास्त पहिल्या गटाचं लागतं. तिथं विनाकारण सिझर झालं की ती पोरगी पुढच्या खेपेला पाचव्या, म्हणजे आधी सिझर झालेल्यांच्या गटात जाते, आणि त्यातून परत फिरता येत नाही. दरेक सिझरनंतर पुढच्या वेळी वार जुन्या टाक्यात रुतून बसण्याचा धोका वाढतो. म्हणून बायकांना विचारायला शिकवा : "माझ्यासारख्या पहिलटकरणींत तुमच्याकडे किती सिझर होतात?"

एका सिझरनंतर नॉर्मल होऊ शकतं, पण जिथं रात्री-बेरात्री ऑपरेशनची आणि रक्ताची सोय आहे तिथंच. त्याआधी डॉक्टरांना गर्भपिशवीवरचा छेद आडवा होता की उभा, हे कळायला हवं. पोटावरच्या टाक्यांवरून ते कळत नाही, डिस्चार्ज कार्डातच सापडतं. दिवाळीनंतर कोयता घेऊन बायका कारखान्यावर जातात आणि हे कागद घरी पेटीत राहतात. निघण्याआधी त्या कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून द्या, आणि सिझर का झालं ते माता-बाल कार्डावर डॉक्टरांकडून लिहून घ्या.