कुत्र्याला घेऊन ट्रेनरकडे पहिल्यांदाच जाताय?

ट्रेनर ठरवण्याआधी एवढंच विचारा: कुत्रा चुकला की तुम्ही काय करता? उत्तरात पट्ट्याला झटका, चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) किंवा शॉक कॉलर (विजेचा झटका देणारा पट्टा) आली, तर तिथे जाऊच नका.

ट्रेनर आठवड्यातून तासभर भेटणार, बाकी वेळ कुत्रा तुमच्याकडूनच शिकणार. म्हणून रोज ३-४ वेळा सराव घ्या, पण एका वेळी ५ मिनिटांपेक्षा जास्त नको. बक्षीस म्हणून द्यायचा खाऊ मऊ आणि वाटाण्याएवढा असावा. तेवढा रोजच्या जेवणातून कमी करा.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- खाऊ उशिरा देणं. तो बसला की लगेच ‘शाब्बास’ म्हणा आणि खाऊ द्या. उठल्यावर दिलात तर बक्षीस उठण्याला मिळतं!
- ‘बस, बस, बस’ म्हणत राहणं. एकदाच म्हणा आणि थांबा.
- घरात एकाने ‘खाली’ म्हणायचं, दुसऱ्याने ‘उतर’. शब्द ठरवून कागदावर लिहून लावा.

गुरगुरला म्हणून कधीही ओरडू नका. तो इशारा आहे. दाबून टाकलात तर पुढच्या वेळी इशारा न देता चावू शकतो. लांब व्हा, कशामुळे गुरगुरला ते लिहून ठेवा, ट्रेनरला सांगा. वागणं अचानक बदललं असेल तर आधी पशुवैद्याकडे न्या, कुठेतरी दुखत असू शकतं.