दिसलं तेवढंच लिही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल रात्री दोन वाजता आली, त्यावरूनच तुझी अवस्था कळली. फेब्रुवारीत तुझी मॅच झाली नाही, म्हणजे इथे अमेरिकेत डोळ्यांच्या रेसिडेन्सीला (प्रशिक्षणाला) जागा मिळाली नाही, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. तुझ्या आईने समजूत काढलीच असेल, आणि ती माझ्यापेक्षा चांगली काढली असेल. मला बोलायचंय ते नव्या अर्जासाठी लिहून तू मेलला जोडलेल्या पर्सनल स्टेटमेंटबद्दल. त्यातही पहिल्या परिच्छेदातल्या आजोबांबद्दल.

आजोबांच्या डोळ्यावरची पट्टी सुटते, ते तुझ्या चेहऱ्याकडे बघतात आणि त्या क्षणी चौथीतली तू ठरवतेस की आपण डोळ्यांचे डॉक्टर व्हायचं. आणि मेलच्या तळाशी तूच लिहितेस, "खरं तर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी हॉस्टेलवर होते. पण लॅबमधले सीनियर म्हणतात, सुरुवात अशीच हवी. ठेवू का?"

काढून टाक. आजच काढ. मला विचारलंस म्हणजे उत्तर तुला ठाऊक होतं, फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं.

अगं, मागच्या हिवाळ्यात तू मला फोनवर काय सांगितलं होतंस ते आठवतंय का? युव्हिआयटिसच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या सुजेच्या, क्लिनिकमध्ये सरांनी तुला बाजूच्या आयपीसमधून बघू दिलं होतं. स्लिट लॅम्पचा, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाचा, झोत बारीक केला, एक मिलिमीटर बाय एक मिलिमीटर, आणि डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातल्या पाण्यात पेशी तरंगताना दिसल्या. "उन्हाच्या तिरिपेत धूळ दिसते ना, तशा," असं तू म्हणालीस. मग तू त्या मोजल्यास. पहिल्यांदा 14, दुसऱ्यांदा 17, तिसऱ्यांदा 15. 6 ते 15 असल्या तर सूज एक प्लस, 16 ते 25 असल्या तर दोन प्लस. आता काय लिहू, म्हणून तू घुटमळलीस आणि सरांना म्हणालीस, मला खात्री नाही, तुम्ही पुन्हा बघाल का. मी फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, ही मुलगी आमच्या लाइनची आहे.

ती मुलगी तुझ्या स्टेटमेंटमध्ये कुठेच नाही! एक पानभर मजकुरात आजोबा आहेत, "डोळे म्हणजे आत्म्याच्या खिडक्या" आहे, गोरगरिबांची सेवा आहे. तीनदा पेशी मोजून तरी खात्री नाही म्हणणारी तू नाहीस. आपल्या विषयात दुसरं आहे काय? दिसलं तेवढंच लिहायचं. जे दिसलं नाही ते दिसलं नाही म्हणून लिहायचं. बाकी सगळं शिकवता येतं. हात तर शिकवता येतोच.

मी हे इतक्या हट्टाने का सांगते, तेही ऐक. ही गोष्ट मी तुला कधी सांगितलेली नाही.

मी इंटर्न होते, या देशात येऊन वर्षही झालं नव्हतं. रात्री इमर्जन्सीत एक तरुण बाई आली. आठवडाभर डोकं दुखतंय, आणि वाकलं की काही सेकंद डोळ्यांपुढे अंधार येतो. मला फंडस, म्हणजे डोळ्याचा मागचा आतला भाग, बघायला सांगितला. हातात डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत बघायचं छोटं यंत्र, बाहुली मोठी केलेली नाही, खोलीतला दिवा कुणी मालवला नाही. मला लाल चमक दिसली, एक रक्तवाहिनी दिसली. तिला जिथे फाटा फुटतो त्याचं टोक डिस्ककडे, म्हणजे डोळ्याच्या नसेच्या तोंडाकडे, रोखलेलं असतं, त्या दिशेने सरकत जायचं हे माहीत होतं. सरकले, तोवर तिने पापणी मिटली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा मिटली. मागे सीनियर उभे होते, त्यांना घाई होती. मी कागदावर लिहिलं: कप-डिस्क रेशो 0.3, कडा स्पष्ट, दोन्ही डोळे.

0.3! म्हणजे सगळं ठीक. हा आकडा तूही शेकडो केसपेपरवर पाहिला असशील. त्यातल्या किती जणांनी डिस्क खरोखर पाहिली असेल, ते स्वतःलाच विचार.

माझ्या त्या ओळीवर भरवसा ठेवून तिला वेदनाशामक गोळ्या देऊन घरी पाठवलं. तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा डोळ्यांच्या रेसिडेंटने बाहुल्या मोठ्या करून पाहिलं. दोन्ही नसांना सूज होती. कवटीतला दाब वाढलेला होता, आणि तो बहुधा त्या रात्रीही वाढलेलाच होता. उपचार झाले, दाब उतरला, पण डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली ती काही परत आली नाही. मला कुणी रागावलं नाही. माझी नोट कुणी काढून पाहिलीसुद्धा नाही. मी मात्र ती पाहिली. माझंच अक्षर, माझीच सही.

त्या वर्षी मी मॅचला बसले होते. जिथे जायची सगळ्यात जास्त इच्छा होती तिथे मुलाखतीत विचारलं, तुमची सगळ्यात मोठी चूक कोणती? भाऊ मला आधीच सांगून गेला होता की छोटं काहीतरी सांग, मी जरा जास्तच बारकाईने काम करते वगैरे. मी डिस्कची गोष्ट सांगितली. अर्धवट नाही, सगळी. समोरच्या तिघांपैकी एकाने फाइल मिटली. त्या वर्षी माझं नाव कुठेच लागलं नाही.

घरच्यांनी मला वर्षभर ऐकवलं. भाऊ अजूनही ऐकवतो. कदाचित माझे गुण कमी पडले असतील, कदाचित शिफारसपत्रं फिकी असतील, त्या खोलीत नेमकं काय झालं ते मला कधीच कळणार नाही. पण मी चुकले नव्हते. एकदा खोटं लिहून एका बाईची नजर गेली होती, ते झाकायला मी दुसऱ्यांदा खोटं बोलायचं? पुढच्या वर्षी मी पुन्हा तीच गोष्ट सांगितली. एका ठिकाणी पांढऱ्या केसांच्या प्राध्यापकांनी ती शांतपणे ऐकली आणि एवढंच विचारलं, "मग आता तुम्ही काय लिहिता?" मी म्हटलं, "व्ह्यू मिळाला नाही. बाहुली मोठी करून पुन्हा बघणं गरजेचं." मला त्याच प्रोग्रामने घेतलं. म्हणून मी बरोबर ठरले असं मी म्हणत नाही. त्यांनी घेतलं नसतं तरी मी बरोबरच होते, आणि हे मी भावाला मरेपर्यंत सांगणार आहे.

असो. तुझ्याकडे येते.

तुझ्या संशोधनाच्या यादीत अकरा गोष्टी आहेत. त्यातल्या किती छापून आल्यात, किती स्वीकारल्या गेल्यात आणि किती नुसत्या पाठवल्यात? यादीवरून मला कळलं नाही, म्हणजे वाचणाऱ्यालाही कळणार नाही, आणि मग तो वाईटच अर्थ काढेल. टेबलाच्या त्या बाजूला मी खूप वर्षं बसले. अर्जदाराच्या यादीतला तिसरा-चौथा पेपर उचलायचा आणि विचारायचं, यातले रुग्ण कसे निवडले होते? ज्याने काम केलंय तो खुलतो, अडचणी सांगायला लागतो. ज्याचं नुसतं नाव लागलंय तो नुसता निष्कर्ष घोकून दाखवतो. ज्या पेपरात तू फक्त तक्ते भरलेस तिथे "तक्ते मी भरले" असं सांग. त्यात कमीपणा कसला? पाचशे डोळ्यांच्या पडद्याचे ओसीटी स्कॅन एकेक करून बघितलेस ना? मग त्यातले किती स्कॅन खराब निघाले आणि तू ते का वगळलेस ते सांग. तेवढ्यावर मी वीस मिनिटं ऐकत बसले असते.

2020 पासून मुलाखती स्क्रीनवर व्हायला लागल्या, तेव्हापासून मुलं उत्तरं लिहून कॅमेऱ्याच्या खाली चिकटवतात. करू नकोस. नजर कुठे सरकते हे बघण्यात आमचं आयुष्य गेलंय.

"मागच्या वर्षी मॅच का झाली नाही?" हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर दोन वाक्यांत असू दे. कमी ठिकाणी बोलावणं आलं, आणि त्या वेळी तुझ्याकडे या देशातल्या क्लिनिकमध्ये तुला काम करताना पाहिलेल्या माणसाचं एकही पत्र नव्हतं. खरं आहे ना? मग तेवढंच. स्पर्धा फार असते, परदेशी डॉक्टरांना घेत नाहीत, हे सगळं त्यांना माहीत आहे. सगळ्या देशात मिळून वर्षाला जागा पाचशेच्या आसपास, हेही माहीत आहे. रडगाणं नको आणि मुलामाही नको.

पत्रं तीन लागतात. मोठ्या नावाच्या मागे धावू नकोस. ज्यांनी तुला पेशी मोजताना पाहिलं त्या सरांना विचार, आणि असं विचार: "तुम्ही माझ्याबद्दल मनापासून चांगलं लिहू शकाल का?" ते जरा जरी थांबले तरी आभार मान आणि दुसरीकडे जा. डॉक्टरी परवान्याच्या स्टेप वन परीक्षेला 2022 पासून नुसतं पास-नापास आल्यावर पत्रांचं वजन वाढलंय, असं मला तरी दिसतंय.

आता तुझा दुसरा प्रश्न, जो वाचून मी खरंच चिडले. "तीन प्रोग्राम्सना तुम्हीच माझी पहिली पसंती असं लिहिलं तर चालेल का? सगळेच लिहितात."

सगळेच 0.3 पण लिहितात.

पहिली पसंती एकच असते. एकालाच लिही, किंवा कुणालाच लिहू नकोस. तुम्ही आम्हाला कितवा क्रमांक देणार हे विचारणं त्यांच्याही नियमात बसत नाही. विचारलंच तर म्हण की तुमचा प्रोग्राम मला मनापासून आवडला, आणि थांब. सिग्नल, म्हणजे 'मला इथे खास रस आहे' असं अर्जातून कळवायची सोय, मोजकेच असतात. जिथे खरंच जायचंय तिथेच खर्च कर, जिथे "मिळेलसं वाटतं" तिथे नाही.

रँक लिस्टही, म्हणजे मॅचसाठी प्रोग्राम्सची पसंतीक्रमाने द्यायची यादीही, तशीच. तू लिहितेस की मोठं नाव वर ठेवलं आणि तिथे नाही मिळालं तर खालचीही जागा हातची जाईल. जात नाही. गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी 1962 मध्ये अशी जुळवणी करायची रीत मांडली, आणि शॅप्लींना अर्थशास्त्रज्ञ रॉथ यांच्यासोबत 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कागदावर एकदा स्वतः मांडून बघ. आधी तुझ्या पहिल्या पसंतीकडे तुझं नाव जातं. तिथे तुझ्याहून वर ठेवलेल्या उमेदवारांनी जागा भरल्या तर ते दुसरीकडे जातं. तिथे तू उशिरा पोचलीस म्हणून मागे पडत नाहीस, कारण शेवटचा हिशोब होईपर्यंत कुणाचीच जागा पक्की नसते. त्यांच्या यादीत तू वर असलीस तर आधी आलेल्याला हटवून तुला घेतात. म्हणजे यादीतसुद्धा तुला जे वाटतं तेच लिहायचं. त्यांच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधून लिहायचं नाही. मी पहिल्या वर्षी अंदाज बांधूनच यादी केली होती. नाव लागलं नाहीच, वर ती यादीही माझी नव्हती.

डोळ्यांच्या जागांची जी सॅन फ्रान्सिस्को मॅच, तिचा निकाल बाकी बहुतेक विषयांच्या मुख्य मॅचच्या आधी लागतो, त्यामुळे पर्याय म्हणून इंटर्नल मेडिसिनचा अर्ज शरद ऋतूतच करून ठेव. यात बेइमानी नाही. तुझ्यावर घरची जबाबदारी आहे, व्हिसाची मुदत आहे. पण मेडिसिनच्या मुलाखतीत डोळ्यांचा विषय निघाला तर लपवू नकोस. तुझा दोन वर्षांचा रिझ्यूमे डोळ्यांनी भरलाय, लपवणार कुठे?

व्हिसाचं तूच स्पष्ट विचार, मुलाखतीआधी कोऑर्डिनेटरला. जे-1 असेल तर नंतर दोन वर्षं भारतात परतायची अट आहे किंवा त्यातून सूट मिळवावी लागते. एच-1बी हवा तर स्टेप थ्री आधी पास हवी. लाजून शेवटपर्यंत न विचारलेली मुलं मी पाहिलीत.

आणि मुलाखतीत शेवटी "काही विचारायचंय का?" म्हणतील तेव्हा इमारतीचं कौतुक नको. रेसिडेंट्सना विचार, तुम्ही स्वतःच्या हाताने मोतीबिंदू किती केलेत? नियमाप्रमाणे किमान 86 लागतात. ते आकडा लगेच सांगतात की एकमेकांकडे बघतात, ते बघ. आणि जे दिसेल ते त्याच संध्याकाळी वहीत उतरवून ठेव. जानेवारीत यादी करताना सगळे प्रोग्राम एकसारखे वाटायला लागतात.

मला माहीत आहे की तू दमली आहेस. दुसऱ्यांदा अर्ज करताना आपल्यातच काहीतरी खोट आहे असं वाटतं आणि मग माणूस आजोबांना मदतीला बोलावतो. मलाही वाटलं होतं. तुझ्यात खोट नाही. त्या दिवशी "मला खात्री नाही" असं म्हणायला तुला किती धीर लागला असेल, ते मला कळतं, कारण तितका धीर माझ्यात त्या रात्री नव्हता.

रविवारी संध्याकाळपर्यंत नवा मसुदा पाठव. सुरुवात 14, 17, 15 पासून कर, आणि सरांनी पुन्हा पाहिल्यावर त्यांना किती दिसल्या तेही लिही, ते तू मला सांगितलंच नाहीस. अकरा पेपरांपुढे प्रत्येकाची आजची स्थिती लिही. सातव्या क्रमांकाचा "स्वीकृत" दाखवलास तो खरंच स्वीकारला गेलाय का, हे रविवारची वाट न बघता आज रात्रीच कळव. मी जागी आहे.

तुझी,
डॉक्टर मावशी